फाइलची चौकशी

आमच्या जानेफळमध्ये कुठलीही अनोळखी फाइल उघडण्याआधी माझ्या दुकानात आणून दाखवायची, अशी एक रीत पडून गेली आहे. ती मी पाडलेली नाही. माझं दुकान बस थांब्यासमोर आहे आणि पाटीवर झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन अर्ज, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स एवढंच लिहिलेलं आहे. तरी लोक येतात. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवतात आणि समोरच्या स्टुलावर जाऊन बसतात, दवाखान्यात तपासणीला रक्त देऊन बसावं तसे. मी फाइल बघतो आणि सांगतो, "उघडा" किंवा "पुसून टाका". का, ते कोणी विचारत नाही आणि मीही सांगत बसत नाही.

ही रीत एका लग्नपत्रिकेमुळे पडली. एका सकाळी गावातल्या काही मोबाइलवर अनोळखी नंबरवरून पत्रिका आली. दिसायला पत्रिका, पण आतून तो एक प्रोग्रॅम होता. उघडला की फोनमध्ये ठाण मांडायचा आणि फोनमधल्या सगळ्या नंबरांना तीच पत्रिका धाडून द्यायचा. मोठ्या शहरातल्या माणसानं ती कदाचित उघडली नसती. आमच्याकडे आलेली पत्रिका न उघडता ठेवणं म्हणजे भावकीत तोंड लपवायची वेळ. नंबर अनोळखी आहे हे प्रत्येकाला दिसत होतं, पण पुरुषांनी बायकोच्या माहेरचं कोणी असेल असं धरलं आणि बायकांनी नवऱ्याच्या मावशीकडचं धरलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं सगळ्या गावाला त्या लग्नाचं आमंत्रण दिलेलं होतं. काहींनी "अवश्य येऊ" असं उत्तरही पाठवलं. एका गृहस्थांना मी समजावून सांगितलं की असं लग्नच नाही, तर त्यांनी फार वाईट वाटून विचारलं, मुलीकडच्यांनी मोडलं का. त्या दिवशी मी दुकानात बसून रात्री कुलूप लावेपर्यंत लोकांचे फोन साफ करत होतो, आणि तेव्हापासून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

फाइल कशी तपासायची हे मी हळूहळू शिकलो. पण कुठल्याही अनोळखी गोष्टीकडे कसं बघायचं, हे त्याआधी घरातच बघितलं होतं. माझे वडील एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. मेहकर, चिखली, देऊळगाव राजा, खामगाव, पिंपळगाव राजा, जालना, जिल्ह्यातली आणि शेजारची बहुतेक गावं त्यांनी तिकिटं फाडत पालथी घातली होती. प्रत्येक थांब्यावर ओळखीचा चहावाला, ओळखीचा पानवाला. त्यामुळे मुलीचं लग्न जमवायला निघालेले बाप त्यांच्याकडे येत. म्हणत, अमुक गावचं स्थळ आलंय, तेवढी चौकशी करून द्या.

वडिलांची चौकशीची पद्धत ठरलेली होती. त्या गावात उतरायचं, पण त्या घरी जायचं नाही. ज्यानं स्थळ आणलं त्याला एक शब्द विचारायचा नाही, कारण तो सांगणार ते आधीच सांगून झालेलं असतं. भाऊबंदांना विचारायचं नाही, ते जळतात. मित्रांना विचारायचं नाही, ते झाकतात. न्हाव्याला विचारायचं, किराणावाल्याला विचारायचं आणि भिंतीला भिंत लागून ज्याचं घर आहे त्याला विचारायचं. तेही सरळ नाही. गोऱ्हा विकत घ्यायला आलोय असं सांगून सुरुवात करायची. वडिलांनी आयुष्यात एकही गोऱ्हा घेतला नाही, पण कितीतरी गावांत आजही लोक त्यांना जनावरांचे दलाल समजतात.

परत आल्यावर ते मुलीच्या बापाला फक्त निकाल सांगत. "करा" किंवा "राहू द्या". कोण काय म्हणालं ते कधीही सांगत नसत. ज्यानं विश्वासानं सांगितलं त्याचं नाव बाहेर पडू नये, असा त्यांचा नियम होता, आणि त्यावर ते फार ठाम होते. निकाल द्यायची ही सवय मला त्यांच्याकडूनच लागली असणार.

माझ्या धाकट्या बहिणीच्या स्थळाची चौकशी अर्थातच त्यांनी स्वतः केली. चिखलीकडचं गाव, ओलिताची शेती, दोन भाऊ, थोरल्याचं लग्न झालेलं. वडील एकदा नाही, दोनदा जाऊन आले. परत आले आणि जेवता जेवता म्हणाले, "करा". आईला बरं वाटलं. बहिणीला कोणी काही विचारलं नाही. त्या काळी विचारायची पद्धत नव्हती असं म्हणायचीही सोय नाही, कारण ही काही फार जुनी गोष्ट नाही.

काही वर्षांनी ती एका दुपारी बसमधून उतरली आणि सरळ दुकानात आली. हातात एकच पिशवी होती. सासरी मारहाण नव्हती. हे ती आधीच सांगून टाकते, कारण लोक तेच आधी विचारतात. तिथं तिला एकटीला कुठं जाऊ देत नसत, एवढंच. दवाखाना, देऊळ, बाजार, सगळीकडे सासू बरोबर. माहेरी फोन करायचा तर स्पीकर लावून, आणि फोन ठेवला की सासरे तो मागून घेऊन बघत. घरात खायला प्यायला भरपूर होतं. आई तेव्हा आजारी होती, पण आई आजारी आहे हेही बहिणीला आम्ही स्पीकरवरच सांगितलं आणि ती स्पीकरवरच रडली. आई गेल्यानंतर त्या दुपारी ती जी आली ती परत गेली नाही. वडिलांनी चौकशीची कामं सोडली. कोणी आलंच तर म्हणत, गुडघे दुखतात, आता प्रवास होत नाही. गुडघे खरंच दुखत होते, पण इतके नाही.

बहीण माझ्या दुकानात बसू लागली. तिचं मराठी टायपिंग बघायला लोक थांबतात. ती कीबोर्डकडे बघत नाही, स्क्रीनकडेही फारसं बघत नाही, गिऱ्हाइकाकडे बघते. तो अजून वाक्य संपवायच्या आत त्याचा अर्ज टाइप होऊन तयार असतो. काही जणांना त्याची भीती वाटते.

मागच्या हिवाळ्यात तिनं माझ्याशी न बोलता एका ठिकाणी अर्ज केला. पुण्याची एक छोटी कंपनी होती. काम असं, की सभा, मुलाखती, भाषणं यांची रेकॉर्डिंग ऐकून ती टाइप करायची, घरी बसून. तिनं पाठवलेला नमुना त्यांना आवडला. आता एक परीक्षा होती, आणि ती परीक्षा त्यांच्याच एका प्रोग्रॅममध्ये द्यायची होती. तो आपल्या संगणकावर बसवायचा. रविवारी संध्याकाळपर्यंत परीक्षा दिली नाही तर ते पुढच्या माणसाला बोलावणार होते. प्रोग्रॅमची लिंक त्यांनी ईमेलनं पाठवली होती.

शनिवारी सकाळी बहीण काउंटरच्या मागून निघून पुढून आली, लिंकवरून उतरवलेल्या फाइलचा पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवला आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. मी म्हणालो, तू दुकानातलीच आहेस, तुला काय रांग. ती म्हणाली, नियम सगळ्यांना सारखा असतो.

मी हसलो, पण पेनड्राइव्ह लगेच लावला नाही. दुकानाच्या माडीवरच्या खोलीत तिचं टेबल लावून झालं होतं, खिडकीला पडदा शिवून झाला होता. हेडफोन आणून ठेवले होते, अजून खोक्यातून काढलेले नव्हते. मी "पुसून टाक" म्हणालो तर ते सगळं तसंच राहणार होतं. आणि मी "उघड" म्हणालो आणि फाइल वाईट निघाली तर दुकानाच्या संगणकावरची लोकांची कागदपत्रं आणि लग्नाचे फोटो जातील, हे तर होतंच. पण मला त्याची तेवढी धास्ती नव्हती. आमच्या घरानं बघून, तपासून, चांगलं आहे असं सांगितलेल्या गोष्टीत तिचा पाय दुसऱ्यांदा अडकला असता. मला तेच नको होतं.

फाइल लहान होती. नावाच्या शेवटी ईएक्सई होतं, म्हणजे ती वाचायची किंवा बघायची वस्तू नव्हती, चालणारी वस्तू होती. दोनदा क्लिक केलं की ती उठते आणि तिला जे शिकवून ठेवलंय ते करते. ते काय आहे, हे चेहऱ्यावरून कळत नाही. चेहरा म्हणजे चित्र कोणीही कोणतंही लावू शकतो. या फाइलला कीबोर्डचं चित्र होतं.

तेवढ्यात वडील आले. रोज सकाळी ते थांब्यावर चहा घेऊन दुकानात वर्तमानपत्र वाचायला येतात. मुलगी स्टुलावर का बसली आहे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, ते काखेत धरलं आणि माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. मग स्क्रीनकडे बघत म्हणाले, "आनली कोनं?"

मी म्हणालो, कंपनीनं लिंक पाठवली.

"ज्यानं आनली त्याले इचारू नको."

हे मला माहीत होतं, पण ते त्यांच्या तोंडून ऐकून हुरूप आला. आईच्या जाण्यानंतर ते पहिल्यांदाच कशाची तरी चौकशी करायला उभे राहिले होते. मी ईमेलमधली लिंक बाजूला ठेवली आणि कंपनीची वेबसाइट स्वतः शोधून उघडली. तिथं तोच प्रोग्रॅम ठेवलेला होता आणि खाली त्याचा ठसा दिलेला होता. प्रत्येक फाइलला असा ठसा असतो, अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक ओळ. फाइलमध्ये एक टिंब जरी कोणी वाटेत बदललं तरी ठसा पार बदलतो. आमच्या फाइलचा ठसा काढला आणि दोन्ही जुळवायला घेतले. संगणकाला सांगितलं असतं तर त्यानं क्षणात जुळवून दिले असते, पण वडिलांचा संगणकाच्या साक्षीवर विश्वास नव्हता, कारण फाइल त्याच्याच घरात आली होती. म्हणून वडील एक ठसा मोठ्यानं वाचत होते, तिकिटांचे नंबर वाचावे तसे, आणि बहीण स्टुलावरून मोबाइलवर दुसरा ठसा बघून "हाव, हाव" म्हणत होती. एका गिऱ्हाइकाला झेरॉक्स हवी होती. त्याला वाटलं लॉटरीचा निकाल चाललाय आणि तो हातातला आधार कार्डाचा कागद विसरून ऐकत बसला. ठसा जुळला.

पुढची पायरी सहीची. चांगल्या कंपन्या आपल्या फाइलवर एक सही करून ठेवतात, आणि ती सही खरी आहे असं कोणी तिसरा सांगतो. या फाइलवर सही नव्हती. छोट्या कंपन्या पुष्कळदा करत नाहीत, त्यात फार काही नाही, असं मी म्हणालो. वडिलांनी विचार केला. त्यांच्या हिशेबानं सही म्हणजे मध्यस्थ होता. मध्यस्थाशिवाय आलेली स्थळंही त्यांनी पाहिली होती आणि त्यातली काही बरी निघाली होती. त्यांनी पुढं चल अशी खूण केली.

मग ते म्हणाले, या लोकांना फोन लाव. ईमेलमधला नाही, वेबसाइटवरचा नंबर लाव. शनिवार असूनही कोणीतरी फोन उचलला. एक मुलगी बोलत होती. वडिलांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, तुमचं गाव कोणतं. ती म्हणाली पुणे. वडिलांनी विचारलं, मूळ गाव. नोकरीत हा प्रश्न तिला बहुधा पहिल्यांदाच आला असावा. मग ती म्हणाली, वाशीमजवळचं आहे. वडिलांनी त्या वाटेवरच्या एका थांब्याचं नाव घेतलं, तिथं वडाखाली चहाचं दुकान आहे का अजून, असं विचारलं. ती म्हणाली, आहे. त्यानंतर तिनं जे सांगितलं ते सगळं वडिलांनी मान डोलवत ऐकलं. कंपनी आहे, परीक्षा आहे, तुमच्या मुलीचं नाव आमच्याकडे आहे. फोन ठेवून ते म्हणाले, माणसं खरी आहेत. मी म्हणालो, माणसं खरी असली तरी फाइल वाईट असू शकते. ते म्हणाले, हो, तेही बघितलंय मी.

दुकानाच्या संगणकावर जो विषाणू शोधणारा प्रोग्रॅम आहे त्यानं फाइल चाळली आणि काही बोलला नाही. तो एरवीही फार बोलत नाही. मग मी फाइल एका अशा वेबसाइटवर टाकली की जिथं जगभरातले साठ-सत्तर असे तपासनीस एकाच वेळी तीच फाइल बघतात आणि प्रत्येक जण आपलं मत देतो. वडिलांना ही कल्पना इतकी आवडली की ते खुर्ची ओढून बसले. त्यांना एका गावात पाच-सहा माणसं विचारायला दिवस लागायचा. इथं आख्खं गाव एकाच वेळी सांगत होतं, आणि चहासुद्धा पाजायचा नव्हता.

हिरव्या खुणा पडत गेल्या. एकामागून एक सगळे म्हणत होते, काही नाही, काही नाही, काही नाही. शेवटी जवळजवळ सगळी पाटी हिरवी झाली. फक्त एका ठिकाणी लाल खूण होती.

मी म्हणालो, असं होतं. एखादा उगाच ओरडतो. त्याला म्हणायचं खोटा गजर.

वडील त्या लाल खुणेकडेच बघत होते.

शेवटची पायरी म्हणजे फाइल चालवून बघणं, पण खऱ्या घरात नाही. संगणकाच्या आत एक खोटा संगणक उघडता येतो. फाइलला तोच खरा वाटतो. ती तिथं जे काही करायचं ते करते, आणि आपण बाहेरून बघत बसतो. मग तो खोटा संगणक बंद केला की सगळं पुसून जातं, काही झालंच नव्हतं असं. हे मी वडिलांना समजावून सांगितलं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. आत काहीही वाईट झालं तरी बाहेर त्याची खूण राहत नाही का, असं विचारलं. मी म्हणालो, नाही.

वडील स्क्रीनवरच्या त्या खोट्या संगणकाच्या चौकटीकडे बघत राहिले. स्टुलावरून बहीण म्हणाली, "माह्या वक्ताले हे नव्हतं."

ती ते अगदी साध्या आवाजात म्हणाली, झेरॉक्सचा कागद संपलाय हे सांगावं तशी. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. वडिलांनी मान खाली घातली.

खोट्या संगणकात फाइल उठली. तिनं नाव विचारलं, मी खोटं नाव दिलं. तिनं एक मराठी उतारा समोर ठेवला आणि टाइप करायला सांगितलं. मी माझ्या वेगानं केला आणि तिनं मला नापास केलं. बाकी ती कुठं गेली नाही. दुसऱ्या कोणाच्या फाइली तिनं उघडल्या नाहीत, संगणक सुरू होताना आपोआप उठायची सोय करून ठेवली नाही, निकाल पाठवला तो त्याच कंपनीच्या पत्त्यावर. बंद कर म्हटल्यावर बंद झाली. एवढं नीट वागणारे प्रोग्रॅम मी फार बघितलेले नाहीत, यात मोठमोठ्या कंपन्यांचे धरून.

माझा निकाल तयार होता. मी बहिणीकडे वळलो आणि म्हणालो, "उघड".

वडील म्हणाले, "थांब."

मला वाटलं त्यांना गुडघ्याचा त्रास होतोय. ते लाल खुणेकडे बोट दाखवत होते. "तो एक काय म्हनते ते वाचून दाखव."

मी म्हणालो, त्याला काही अर्थ नाही, एवढे सगळे चांगलं म्हणतायत.

"मले नको सांगू. तिले वाचून दाखव. तिचं काम आहे."

तोपर्यंत मी ते नीट वाचलंच नव्हतं. लाल खुणेसमोर लिहिलं होतं की ही फाइल कीबोर्डवर पाळत ठेवते, कोणतं बटण कधी दाबलं त्याची नोंद घेते. मी ते बहिणीला वाचून दाखवलं. पाळत हा शब्द उच्चारताना माझा आवाज खाली गेला. ती स्टुलावर तशीच बसून होती.

वडील तिच्याकडे बघत नव्हते. ते बाहेर थांब्याकडे बघत बोलायला लागले. तिच्या स्थळाच्या चौकशीला ते गेले होते तेव्हाची गोष्ट होती. न्हाव्यानं चांगलं सांगितलं. किराणावाल्यानं चांगलं सांगितलं. चहावाल्यानं, पिठाच्या गिरणीवाल्यानं, सगळ्यांनी चांगलं सांगितलं. मग ते भिंतीला भिंत लागून असलेल्या घरी गेले. तिथं शिवणकाम करणारी एक मुसलमान बाई राहते. गावात तिला सगळे आपा म्हणतात. तिनंही घर चांगलं आहे असंच सांगितलं. वडील उठले, चपला घातल्या, आणि ती मशीन चालवता चालवता आणखी एक वाक्य बोलली.

"ती म्हने, घर तो अच्छा है भैया, लेकिन बडी बहू के ब्लाउज मैं इतने साल से सी रही हूं, नाप देने वो खुद कभी नहीं आई. सास लेके आती है." वडिलांनी वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं. "मले वाटलं, किती मर्यादेचं घर आहे. सुनेले उन्हात इकडं तिकडं फिरवत नाई. खुशीनं आलो मी घरी. येऊन म्हनलं, करा."

मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की त्या गावानं वडिलांना फसवलं. कोणी फसवलं नव्हतं. सांगणारीनं सांगितलं होतं, आणि ते त्यांनी गुणाच्या बाजूला मांडलं होतं. त्यांच्या वयाच्या, आमच्याकडच्या कोणत्याही बापानं ते तिथंच मांडलं असतं. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासाही वाटला, आणि मी दोन्ही केलं नाही.

बहीण म्हणाली, "आपाची मशीन चालली का आवाज आमच्या सैपाकघरात याचा. जाऊबाई म्हने, आपल्याच कपड्याचा आवाज आहे." मग म्हणाली, "मले सांगाचं होतं बाबा. मले समजलं असतं."

"हाव," वडील म्हणाले. "तुले समजलं असतं."

"जाऊबाई अजून तिथंच आहे."

आधार कार्डवाला माणूस झेरॉक्स न घेताच उठून गेला होता.

मग बहीण स्टुलावरून उठली, काउंटरच्या मागं आली आणि तिनंच कंपनीला फोन लावला. तीच वाशीमकडची मुलगी होती. बहिणीनं गाव वगैरे विचारलं नाही. तिनं विचारलं, तुमचा प्रोग्रॅम कीबोर्डवर पाळत ठेवतो असं एक जण म्हणतो, ते खरं आहे का. ती म्हणाली, खरं आहे, टायपिंगचा वेग आणि चुका मोजायच्या तर बटणं मोजावी लागतात. बहिणीनं विचारलं, कधी मोजता. ती म्हणाली, परीक्षेची खिडकी उघडी असेल तेवढंच. बहिणीनं विचारलं, बंद केली की. ती म्हणाली, बंद. बहिणीनं विचारलं, आणि काम मिळालं तर. ती म्हणाली, कामाच्या वेळेपुरतं, आणि तेव्हाही कोपऱ्यात खूण दिसत राहते. बहिणीनं आभार मानून फोन ठेवला.

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. निकाल द्यायची मला फार सवय आहे आणि जीभ नुसती वळवळत होती, पण मी गप्प राहिलो.

ती म्हणाली, "मोजते, पन सांगून मोजते. बंद म्हनलं का बंद होते. चालते मले." आणि तिनं फाइलवर दोनदा क्लिक केलं.

परीक्षा तिनं रविवारी दुपारी माडीवर दिली. हेडफोन खोक्यातून निघाले. वेळ संपायच्या बऱ्याच आधी ती खाली आली, तेव्हा मला वाटलं काही बिघडलं. तिला नुसतं पाणी प्यायचं होतं. काम मिळालं. त्यांनी तिला कळवलं की तिच्या वेगामुळे त्यांच्या प्रोग्रॅमला आधी वाटलं, माणसाऐवजी दुसरा प्रोग्रॅमच टाइप करतोय. म्हणजे पाळत ठेवणाऱ्यालाच तिचा संशय आला. बहिणीला हे फार आवडलं आणि ती ते आल्यागेल्याला सांगते.

दुकानात माझी पद्धत थोडी बदलली आहे. कोणी पेनड्राइव्ह आणला तर मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवतो आणि लाल खुणा असतील तर वाचून दाखवतो. लोकांना हे आवडत नाही. ते म्हणतात, एवढं आम्हाला कशाला सांगता, तुम्हीच काय ते सांगा ना.

काम मिळालं त्याच आठवड्यात एका सकाळी वडील धोतर नेसून, पिशवी घेऊन थांब्यावर जायला निघाले. गुडघ्यांना पट्टा बांधला होता. मी विचारलं, कुठं. म्हणाले, चिखलीकडं. आपाला सांगायचं राहून गेलंय की तिचं बरोबर होतं.

बहीण माडीवर कामात होती. तिनं खिडकीतून ऐकलं असावं. हेडफोन गळ्यात तसाच ठेवून ती खाली आली, आत गेली, आणि एक निळा ब्लाउजपीस आणून तिनं वडिलांच्या पिशवीत घातला.

"आपाले द्या. शिवाले."

वडिलांनी पिशवीत बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. "अन् माप?"

"माप द्याले मी सोता येईन म्हना."